चौथ्या हिश्श्याचं पाणी

होळी होऊन आठ दिवस झाले तशी यमुताई कोराडीला जायला निघाली. तिचा मुलगा तिथल्या वीज केंद्रात फिटर होता. त्याला कॉलनीत दोन खोल्यांचं घर मिळालं होतं आणि सून सातव्या महिन्यात होती. जाताना यमुताईनं पत्र्याची पेटी, लुगड्यांचं एक गाठोडं आणि बुद्धाची तसबीर एवढंच घेतलं. वावर काही पेटीत मावत नव्हतं. ते तिनं शेजारच्या रुख्मिणीच्या हवाली केलं.

"सव्वा एकर आहे," धुऱ्यावर, म्हणजे वावराच्या बांधावर, उभी राहून ती म्हणाली. "वांगे लागले, सांबार आहे, भेंडी उगवून राहिली. जे होईन ते तूच विक, तूच खा. मले काही नको. फक्त पानी सोडू नको."

"पिकाले पानी कायले नाही देईन मावशी?"

"पिकाचं नाही म्हनत वं. हिश्श्याचं म्हनून राहिली."

मग तिथंच, उन्हात, तिनं ती जुनी गोष्ट सांगितली. रुख्मिणीनं ती तुकड्यातुकड्यानं ऐकली होती, सलग कधी नाही. यमुताईच्या घरानं बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन दोन वर्षं झाली होती तेव्हाची. शेजारच्या संत्र्याच्या बागेचा मालक मारोतराव, त्याच्या आणि रुख्मिणीच्या सासऱ्याच्या, म्हणजे गोपाळरावच्या, वावरांच्या मध्ये दोघांनी विहीर खणायला घेतली. पंचवीस फुटांवर काळा दगड लागला. गावात सुरुंग लावणारा माणूस एकच, यमुताईचा नवरा देवाजी. तो दोन उन्हाळे दगड फोडत राहिला. एक सुरुंग उशिरा उडाला आणि डाव्या हाताची दोन बोटं गेली. मजुरीच्या बदल्यात त्यानं पाण्यात हिस्सा मागितला. गावात चार लोक कुरकुरले, पण मारोतराव म्हणाला, दगड यानं फोडला, पाणी याचंही आहे. स्टँपपेपरवर लिहिलं गेलं: विहिरीच्या पाण्यात गोपाळरावचा तिसरा हिस्सा, देवाजीचा चौथा हिस्सा, उरलेलं मारोतरावचं.

"त्या चौथ्या हिश्श्याले कोनी हात लावू देऊ नको," यमुताई म्हणाली. "वावर पडीत राहिलं तरी चालन."

बस धुरळा उडवीत आली. रुख्मिणीनं पेटी वर चढवली आणि यमुताई खिडकीतून हात हलवीत गेली.

तामसखेडा हे गाव नागपूरजवळच्या हुडकेश्वरच्याही पुढं, तीन कोसांवर. ऐंशी सालच्या त्या उन्हाळ्यात दिवसा नऊ ते चार, सातच तास लाईन, म्हणजे वीज, राहायची. विहिरीवर तिघांची मिळून एक मोटर. मार्चपर्यंत कुणी कुणाला विचारत नव्हतं. ज्याला गरज त्यानं खटका दाबावा. एप्रिल लागला आणि पाणी खाली गेलं. वरच्या सात पायऱ्या कोरड्या पडल्या, आठवीवर शेवाळ वाळून पापुद्रे निघाले. मारोतरावच्या बागेत संत्र्याच्या झाडांना गोटीएवढी फळं धरली होती आणि ती टपटप गळायला लागली. झाडाखाली उभं राहिलं की आवाज ऐकू यायचा. म्हाताऱ्याला तो आवाज सहन होईना.

त्यानं नत्थूला बोलावलं. नत्थू म्हणजे रुख्मिणीचा नवरा. चाळिशीचा, अंगानं दणकट, बोलायला मंद. दोन वाक्यांच्या मध्ये एखादी बिडी विझून जायची. त्या दिवशी रुख्मिणी वांग्याच्या टोपल्या घेऊन पहाटेच्या बसनं नागपूरच्या बाजारात गेली होती. ती परतली तेव्हा दुपार झाली होती आणि नत्थू ओसरीवर पाठ टेकून बसला होता.

"पाळ्या ठरल्या," तो म्हणाला.

"कोनी ठरवल्या?"

"शरदनं हिशोब केला. कागदावर सह्या झाल्या."

शरद म्हणजे शरच्चंद्र, मारोतरावचा मुलगा. मॅट्रिक झालेला, हिंगण्याच्या एका कारखान्यात स्टोअरवर कामाला. सुटीच्या दिवशी फटफटीवर घरी यायचा. गावातले लोक अर्ज लिहायला त्याच्याकडेच जात.

"आपल्याले किती?"

"नऊ ते अकरा. दोन तास."

"आपल्या वावराले?"

"दोन्ही वावरं मिळून. आपला तिसरा अन् यमुताईचा चौथा, दोन्ही धरून." नत्थूनं बिडी कानावरून काढली, पाहिली आणि परत ठेवली. "त्यानं लिहून दाखवलं. सात तास लाईन, त्यातले दोन आपले, पाच त्यायचे. बरोबर बसलं सारं."

रुख्मिणीनं डोक्यावरची चुंबळ काढून भिंतीशी ठेवली. दोन तास तिला कमी वाटले, पण कमी म्हणजे किती कमी हे तिला सांगता आलं नसतं. ती चौथी शिकली होती. पावकी, निमकी, पाऊणकी तिला तोंडपाठ होत्या. पाव तिला कळत होता, अर्धा कळत होता. तिसरा हिस्सा मात्र कोणत्याच पाढ्यात नव्हता.

"मी येईपर्यंत थांबले असते तर?"

"सारे बसले होते," नत्थू म्हणाला. "शिकलेला मानूस समजावून सांगून राहिला. काय म्हनू त्याले, थांब, बायकोले इचारतो?"

ती पाण्याचा गडवा घेऊन मागच्या दारी गेली आणि पाय धुतले. टाचांच्या भेगांत बाजाराची माती बसली होती.

दुसऱ्या दिवसापासून दोन तासांचं काम सुरू झालं. नऊला खटका पडायचा. पाणी आधी त्यांच्या वावरात, मग पाटानं दोन धुरे ओलांडून यमुताईच्या वावरात. तापलेला पाट पंधरा मिनिटं नुसता पाणी पीत राहायचा. नत्थू वरून पाट सांभाळी, रुख्मिणी फावड्यानं वाफे फोडी आणि बांधी. साडी गुडघ्यापर्यंत खोचलेली, तळव्याला चिखल गार आणि डोक्यावर ऊन असं की पदराखाली केस चरचरावेत. वाफा अर्धा भरला की ती दुसऱ्याकडे वळायची, कारण पुरा भरू दिला तर शेवटचे दहा वाफे तहानलेले राहत. अकराला मारोतराव स्वतः धुऱ्यावर येऊन उभा राही. धोतराचा सोगा हातात धरून नुसता उभा. अकरावर मिनिट झालं की पाटाचं तोंड त्याच्या बागेकडे वळे.

तीन-चार दिवसांत यमुताईच्या वांग्यांची पानं दुपारी माना टाकायला लागली. सांबार, म्हणजे कोथिंबीर, पिवळा पडला. रुख्मिणी संध्याकाळी गावच्या हातपंपावरून गुंडानं, पितळी घागरीनं, पाणी आणून वाफ्यांत ओतू लागली. एक गुंड डोक्यावर, एक कमरेवर. हातपंपावर बायांची रांग असे. तिसऱ्या खेपेला मागची बाई म्हणाली, "तुमची तं विहीर आहे वं, इथं काहून भरून राहिली?" रुख्मिणीनं पंपाचा दांडा दाबणं चालू ठेवलं.

रात्री नत्थू तिच्या खांद्याला तेल लावायचा. एकदा तिनं विचारलं, "यमुताईचा हिस्सा आपल्यात आला, मंग आपलं पानी वाढाले पायजे ना?"

"वाढलंच असन."

"मले तं कमी झाल्यासारखं वाटते."

"विहिरीले पानीच कमी आहे." त्याचा हात थांबला. "मी सही केली रुख्मे. आता काय बोलू?"

रविवारी शरद घरी आला तेव्हा ती एकटीच त्यांच्या घरी गेली. मारोतराव बाजेवर पडला होता, शरद पायरीवर बसून फटफटीची साखळी पुसत होता. ती पदर सारखा करून दाराशी उभी राहिली.

"मामाजी, पाळीचं बोलाचं होतं."

"बोल."

"दोन तास पुरून नाही राहिले. हिशोबात काही चुकलं तं नाही ना, एवढंच इचाराले आली."

मारोतराव उठून बसला नाही. शरदनं हात फडक्याला पुसले, आत जाऊन वही आणली आणि पायरीवर पसरली. तो उर्मटपणानं बोलला नाही. लहान मुलाला सांगावं तसं बोलला, आणि तेच जास्त लागलं.

"हे पाहा वहिनी. तिसरा हिस्सा म्हनजे एक छेद तीन. चौथा म्हनजे एक छेद चार. वरचे मिळवा, एक अन् एक दोन. खालचे मिळवा, तीन अन् चार सात. झाले दोन छेद सात. सातातले दोन. सात तासातले दोन तास. आता यात कुठं चुकलं, तुमीच दाखवा."

एक अन् एक दोन. तीन अन् चार सात. आकडे तिला वाचता येत होते आणि त्यांत चूक दिसत नव्हती.

"मॅट्रिकचं गनित आहे हे," आतून शरदची बायको म्हणाली आणि कुणीतरी हसलं.

"बाई," मारोतराव छताकडे पाहत म्हणाला, "माह्या झाडाचे फळं गळून राहिले. पाच तासातही मले पुरत नाही. मी कोनापाशी जाऊ?"

रुख्मिणी परत निघाली. वाटेत तिला रडू आलं नाही, राग आला. पण तो कुणावर काढावा तेही कळेना. शरद खोटं बोलत होता असं तिला वाटलं नव्हतं.

सोमवारी अकराला मारोतराव आला नाही. त्याच्या पाठीत उसण भरली होती आणि पाणी वळवायचा निरोप त्यानं तिलाच धाडला होता. ती पाट फिरवून मोटरीच्या खोलीत गेली. पाळीसाठी म्हणून शरदनं तिथं एक गजराचं घड्याळ आणून फळीवर ठेवलं होतं. बाहेर पाहवत नव्हतं एवढं ऊन होतं. ती घमेलं पालथं घालून सावलीत टेकली. समोर घड्याळ टिकटिकत होतं, मोठा काटा बारावरून एककडे सरकत होता.

तिनं सहज मनाशी धरलं, आपल्याला एकच तास वाटायचा आहे. तासाचे तीन हिस्से कर. मोठा काटा चारवर आला की एक हिस्सा, आठवर दुसरा, बारावर तिसरा. म्हणजे वीस मिनिटं. बरं, चार हिस्से कर. तीनवर एक, सहावर एक. पंधरा मिनिटं, ते तर पावकीतच होतं. वीस आणि पंधरा पस्तीस.

दर तासातली पस्तीस मिनिटं. अर्ध्या तासाहून जास्त.

ती उठून उभी राहिली. काही चुकलं असेल म्हणून तिनं परत केलं. मग एकटा तिसरा हिस्साच धरला: एका तासाला वीस, तीन तासांचा एक तास, सहा तासांचे दोन तास आणि राहिलेल्या सातव्या तासाचे वीस. दोन तास वीस मिनिटं. यमुताईचा हिस्सा न धरता, त्यांच्या एकट्या वावराचे. आणि दोन्ही हिस्से मिळून त्यांना मिळत होते दोन तास.

तिनं विटेचा तुकडा घेऊन खोलीच्या भिंतीवर ते लिहून ठेवलं, पुसलं जाणार नाही असं, दाबून. चूक होती. देवाजीचा सगळा हिस्सा गेला होता आणि वर त्यांच्या स्वतःच्या हिश्श्यातली वीस मिनिटंही गेली होती.

पण शरद विचारणार, मग बेरीज चुकली कुठं? ते अजून तिला सांगता येत नव्हतं.

गावच्या शाळेत सुहासिनीबाई होत्या. नागपूरहून रोज बसनं येत. उन्हाळ्यामुळं शाळा सकाळची होती आणि परीक्षा चालू होत्या. मंगळवारी रुख्मिणी दोन तासांचं पाणी नत्थूवर सोडून शाळेत गेली. बाई व्हरांड्यात पेपर तपासत बसल्या होत्या. मोठ्या भिंगाचा चष्मा, कपाळावर घाम.

"बसा रुख्मिणीबाई. काय काम काढलं?"

तिनं सगळं सांगितलं. यमुताईपासून घड्याळापर्यंत. बाईंनी लाल पेन्सिल खाली ठेवली.

"तुम्ही बरोबर आहात," त्या म्हणाल्या. "तुम्ही घड्याळावर जे केलं तेच पुस्तकात आहे."

"मंग त्यायचं काहून चुकलं? एक अन् एक दोनच होते ना?"

"तुमच्या घरी ज्वारी कशानं मोजता?"

"पायलीनं. थोडी असली तं शेरानं."

"एक पायली आणि एक शेर मिळून किती?"

"एक पायली अन् एक शेर." मग ती थांबली. "दोन नाही म्हनता येत. दोन काय म्हनाचं?"

"तेच. तिसऱ्या हिश्श्याचा तुकडा मोठा, चौथ्याचा लहान. दोन्ही एकाच मापाचे होईस्तोवर मिळवायचे नाहीत. आधी छेद सारखे करायचे. समच्छेद म्हणतात त्याला." बाईंनी एका कोऱ्या कागदावर लांब पट्टी काढली. "हिचे असे तुकडे पाडा की तीन वाटेही बरोबर व्हावेत आणि चारही. किती पाडाल?"

रुख्मिणीनं पट्टीकडे पाहिलं. सहा म्हणाली, तर चार वाटे होईनात. आठ, तर तीन होईनात. मग तिला घड्याळाचे आकडे दिसले.

"बारा."

"बारा. त्यातले तिसरा हिस्सा किती?"

"चार."

"चौथा?"

"तीन."

"आता तुकडे सारखे झाले. आता मिळवा."

"सात." ती हळू म्हणाली. "बारातले सात."

"लिहा."

तिनं पेन्सिल घेतली आणि सात लिहिले, खाली रेघ ओढली, बारा लिहिले. मग दोघींनी एकदमच तो आकडा पाहिला आणि सुहासिनीबाई हसायला लागल्या. चष्मा काढून डोळे पुसले.

"अहो, सातबाराच निघाला तुमचा. आता तलाठ्याकडे जायची गरज नाही."

रुख्मिणीही हसली. पाळ्या ठरल्यापासून ती पहिल्यांदा हसली होती. कागद तिनं चौघडी करून कमरेला खोचला.

घरी तिनं नत्थूला आधी सांगितलं. घड्याळ, पायली, पट्टी. तो मांडी घालून ऐकत होता. सांगून झाल्यावर म्हणाला, "परत सांग." तिनं परत सांगितलं. या वेळी त्यानं अंगणातल्या मातीत काडीनं बारा रेघा ओढल्या आणि स्वतःच्या बोटानं मोजल्या. चार. तीन. सात. बराच वेळ त्या रेघांकडे पाहत राहिला.

"म्हनजे मी जे सही करून दिलं..." तो म्हणाला.

"तुमी एकटेच नाही. कोनाच्याच ध्यानात नाही आलं."

"रविवारी मीच बोलतो," नत्थू म्हणाला. "सही माही आहे."

रविवारी विहिरीवर चौघं जमले. मारोतराव पाठीला फडकं बांधून कठड्यावर बसला. नत्थूनं बोलायला सुरुवात केली आणि तिसऱ्या वाक्यात अडखळला. त्याच्या कपाळावर घाम आला. रुख्मिणी मध्ये बोलली नाही. तिनं फक्त खोलीतलं घड्याळ आणून त्याच्या हातात दिलं. मग त्याला बोलायचा धागा सापडला.

"शरदभाऊ, एक तास धर. त्याचा तिसरा हिस्सा किती मिनिटं?"

"वीस."

"चौथा?"

"पंधरा. बरं मंग?"

"दोन्ही मिळून पस्तीस. अन् तुह्या हिशोबानं एका तासातले आमाले किती येते?"

शरदनं खिशातून वही काढली, मांडीवर भागाकार केला. "सतरा... सतरा मिनिटं अन् थोडे सेकंद."

"एकट्या तिसऱ्यापेक्षा कमी," नत्थू म्हणाला. "माह्या वावराले अजून एक हिस्सा मिळाला अन् पानी घटलं. असं कसं होईन?"

शरदनं वहीची मागची पानं उलटली. त्यानं आपली जुनी बेरीज काढून पाहिली. मग खाली नव्यानं एक छेद तीन, एक छेद चार लिहिलं. पेन्सिल थांबली. रुख्मिणी त्याच्या तोंडाकडे पाहत होती. आधी कपाळाला आठी पडली, मग ती गेली, आणि मग कानापासून खाली त्याचा चेहरा हळूहळू लाल होत गेला. त्यानं बारा लिहिलं. चार लिहिलं, तीन लिहिलं.

विहिरीत कबुतर फडफडलं. मारोतराव म्हणाला, "काय झालं?"

"बाबा," शरद वहीतून वर न पाहता म्हणाला, "माहं चुकलं."

"म्हनजे?"

"छेद सारखे कराले पायजे होते. सातवीत शिकवते हे. मी सरळ मिळवून टाकले. उत्तर सात आलं, लाईनही सात तास, म्हनून वाटलं की बरोबरच आहे." त्यानं घसा साफ केला. "बारातले सात हिस्से यायचे आहेत. आपले पाच. सात तासातले चार तास पाच मिनिटं यायचे, दोन तास पंचावन्न मिनिटं आपले."

म्हाताऱ्याचा चेहरा उतरला. पाच तासांचे तीनही उरले नव्हते. तो मुलाकडे पाहत राहिला, आणि शरद तसाच मान खाली घालून बसला. रुख्मिणीला वाटलं, आता हा म्हणेल की सह्या झाल्या आहेत, कागद कागद आहे.

मारोतरावनं विचारलं, "देवाजीच्या हिश्श्याचं किती होत होतं, एकट्याचं?"

"पावनेदोन तास."

"अन् आपन तिले किती दिलं?"

"काहीच नाही," शरद म्हणाला. "हिशोबानं पाहिलं तं काहीच नाही."

मारोतराव कठड्याला धरून उठला. पाठ सरळ व्हायला वेळ लागला. "तो कागद फाड," तो म्हणाला. "दुसरा लिही. मी यमुनेले काय तोंड दाखवलं असतं?" मग नत्थूकडे वळून, पण नजर बाजूला ठेवून म्हणाला, "पंधरा दिवस पानी तुमचं माह्या झाडायनं पेलं. ते मले आता परत देता येत नाही."

"जाऊ द्या मामाजी," नत्थू म्हणाला.

नवा कागद तिथंच लिहिला गेला. शरदनं प्रत्येक आकडा मोठ्यानं वाचला आणि नत्थूनं, जीभ दातांत धरून, सही केली. मग कागद रुख्मिणीपुढं सरकवून शरद म्हणाला, "वहिनी, तुमीही करा." तिनं केली.

मारोतराव बागेकडे निघाला. चालताना तो झाडांच्या खाली पाहत नव्हता. रुख्मिणीला त्याच्या पाठीचं फडकं दिसत होतं, सैल होऊन लोंबलेलं. त्या पंधरा दिवसांत वांग्यांची पानं माना टाकताना पाहून तीही अशीच नजर फिरवून घेत असे, ते तिला आठवलं. तिनं नत्थूकडे पाहिलं. त्यानं किंचित मान हलवली.

"मामाजी," तिनं हाक मारली. "आमच्या सातातला एक हिस्सा तुमी घ्या. पाऊस पडेपर्यंत. फळं टिकतीन."

तो थांबला, पण वळला नाही.

"सांबार तसाही गेला. तेवढ्या जागेले आता पानी लागत नाही," ती म्हणाली. "कागदावर सातच राहू द्या. हा एक आमचा आहे अन् आमी देऊन राहिलो, एवढं ध्यानात ठेवा."

शरदनं वजाबाकी वहीत न लिहिता बोटांवर केली. "सातातून एक गेला, सहा. आपले पाच अन् एक, सहा." तो पहिल्यांदाच हसला, थोडं ओशाळून. "अर्धं अर्धं झालं. साडेतीन अन् साडेतीन तास."

मारोतराव वळला. त्यानं दोन्ही हात थोडे वर उचलले आणि परत सोडले. "फळं उतरले की टोपलं पाठवतो," तो शेवटी म्हणाला. "यमुनेलेही पाठवाले सांगतो शरदले. कोराडीले."

सोमवारी नऊला खटका पडला. पहिले दोन-तीन दिवस जमीन नुसती पाणी पीत होती. भेगांत शिरून पाणी बुडबुडत खाली जाई आणि वाफा भरायचं नाव घेत नसे. रुख्मिणी घाई करत नव्हती. वाफा काठोकाठ भरू दे, मग पुढचा. चौथ्या दिवशी यमुताईच्या वांग्यांनी दुपारीही माना ताठ ठेवल्या. नत्थू त्या ओळींमधून उगाच एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून आला.

पुढच्या सोमवारी ती यमुताईच्या वावरात शेवटचा वाफा बांधून उभी राहिली आणि पाट अजून वाहतच होता. तिनं इकडंतिकडं पाहिलं. भरायचं काही राहिलं नव्हतं.

"किती वाजले?" तिनं धुऱ्यावरून ओरडून विचारलं.

नत्थू मोटरीच्या खोलीत जाऊन आला. "बाराला दहा कमी. बंद करू?"

"राहू द्या थोडं," ती म्हणाली.

तिनं फावडं धुऱ्याला टेकवलं, खोचलेली साडी सोडली आणि पाटाच्या काठावर बसली. दोन्ही पाय पाण्यात सोडले. पाणी गार होतं, विहिरीच्या तळचं, आणि टाचांच्या भेगांवरून जाताना आधी झोंबलं, मग झोंबायचं थांबलं. लिंबाच्या झाडाची सावली तिच्या गुडघ्यापर्यंत आली होती. पलीकडं नत्थू धुऱ्यावर बसून बिडी शिलगावत होता, आणि या वेळी ती विझली नाही.